राजवाड्यातून वाचनालयाच्या माडीवर

बुद्धिबळाचा पट ज्याने जन्मात मांडला नाही, असा मराठी माणूसही आठवड्यातून एकदा तरी बुद्धिबळाची भाषा बोलतो. निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत शह-काटशहाचे राजकारण सुरू होते. कचेरीत एखादा गरीब कारकून बळी गेला की आपण म्हणतो, 'तो बिचारा प्यादे. मोहरा हलवणारा वेगळाच!' आजारावर मात करणारा, संकटाला शह देणारा, योग्य वेळी योग्य चाल खेळणारा, अशी माणसे आपल्या बोलण्यात रोज येतात आणि जातात. एखादा खेळ भाषेत इतका मुरावा, याचा अर्थ तो कैक पिढ्या घराघरांत, ओसरीवर, पारावर खेळला गेला असला पाहिजे.

आणि तरीही बुद्धिबळाचा इतिहास सांगायला बसले की आपण राजेरजवाड्यांपासून सुरुवात करतो. रावणाला युद्धाचे वेड विसरावयास लावण्यासाठी मंदोदरीने हा खेळ काढला, ही दंतकथा तर आजीच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकलेली असते. दरबारांनी या खेळाला आश्रय दिला हे खरे. परंतु त्याला खरा टिकाऊ आधार कुणी दिला असेल, तर तो गावोगावच्या बुद्धिबळ मंडळांनी, असे माझे मत आहे. वाचनालयाच्या माडीवर किंवा एखाद्या शाळेच्या रिकाम्या वर्गात चार पट आणि दोन बाकडी टाकून सुरू झालेल्या या मंडळांचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. त्यांच्यामुळे आपल्याला काय मिळाले आणि त्यांच्या पायी आपण काय सोडून दिले, या दोन्ही गोष्टी या फराळाच्या दिवसांत जरा निवांतपणे पाहाव्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

*

खेळ आपलाच, याबद्दल आता जाणकारांत फारसा वाद उरलेला नाही. आठ गुणिले आठ घरांच्या पटाला आपल्याकडे पूर्वीपासून 'अष्टापद' म्हणत. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरित' लिहिले. त्यात हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना त्याने अष्टापद आणि चतुरंग या शब्दांवर श्लेष साधला आहे. त्याचा भाव असा, की या राजाच्या राज्यात चतुरंग सेनेची मांडणी पाहावयाची तर ती फक्त पटावरच! श्लेष वाचकाला कळावा अशीच कवीची अपेक्षा असते. त्या काळी हा खेळ लोकांच्या परिचयाचा होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता? नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने आपल्या 'काव्यालंकारा'त घोड्याच्या चालीने वाचावयाचा श्लोक रचला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत चतुरंगाचे वर्णन केले. त्याच्या आधी सुमारे शंभर वर्षे, १०३० च्या सुमारास, अल् बेरुनीने हिंदुस्थानात चार माणसांनी फासे टाकून खेळावयाचा चतुरंगही नोंदवून ठेवला होता.

येथून हा खेळ इराणात गेला आणि त्याचा 'चतरंग' झाला. अरबांनी त्याचा 'शतरंज' केला. तिकडे राजाला 'शाह' म्हणत. राजावर हल्ला केला की समोरच्याला बजावावयाचे : 'शाह!' पुढे हाच खेळ फारसी पोशाख चढवून माहेरी परत आला. आपण 'शह' म्हणतो तेव्हा 'अहो, तुमचा राजा सांभाळा' एवढेच म्हणत असतो, आणि 'मात' म्हणजे तो राजा निरुपाय झाला. प्यादे, वजीर हेही त्याच वाटेने आलेले पाहुणे. हत्ती, घोडा आणि उंट मात्र आपल्या नावानिशी घरीच राहिले. माहेरवाशीण सासरची भाषा बोलत परत यावी आणि आईने तिची जुनी हाक तशीच मारावी, तसा हा प्रकार.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक सुंदर धागा जुळतो. पैठणचे एक भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थायिक झाले. त्या घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' नावाचा बारा मयूखांचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यातील 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयात वारसाहक्काच्या खटल्यांत प्रमाण मानला गेला. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूखा'त या धर्मशास्त्र्याने बुद्धिबळाचे नियम सांगितले आहेत. घोड्याने पटावरची चौसष्ट घरे एकदाच फिरून यावे, हे कोडेही त्याने सोडवून दाखविले आहे! वाटण्या आणि दत्तकविधानांचा काथ्याकूट करणाऱ्या पंडिताने घोडा कसा नाचवावा हेही लिहून ठेवावे, हे वाचून मला फार बरे वाटले.

*

आता थोडे देशी डावाविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या कथेचे मूळ त्यात आहे. आजच्या मुलांना शाळेत आणि मोबाइलवर जे बुद्धिबळ शिकावयास मिळते, ते आंतरराष्ट्रीय पद्धतीचे. मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या आजोळी, मारुतीच्या पारावर; आणि ते वेगळेच होते. पट कापडी. त्याला काळी-पांढरी घरे नव्हती. नुसत्या उभ्या-आडव्या रेघा शिवलेल्या. सोंगट्या लाकडी, तांबड्या आणि हिरव्या. आजोबांसमोर गावातील एक वृद्ध गुरव बसत. दोघांचे मिळून वय दीडशेच्या घरात, आणि एका डावाला दुपारचे ऊन पारावरून उतरून ओढ्यापलीकडे जाई.

त्यांचे प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर सरके. आज सर्वांना ठाऊक असलेली दोन घरांची उडी त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. पण ती त्यांना उतावीळपणाची वाटे. राजाने हत्तीच्या आड किल्ल्यात जाऊन बसावे, ही सोय नव्हती. त्याऐवजी राजाला साऱ्या डावात एकदा घोड्याची उडी मारता येई. तीही त्याला तोवर शह बसला नसेल तरच. म्हणून समोरच्याचा पहिला प्रयत्न असे तो एकदा तरी शह देऊन राजाची ती उडी बाद करण्याचा. प्यादे शेवटच्या घरी पोचले की वाटेल तो मोहरा मागून घेता येत नसे. हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती, उंटाच्या घरात पोचले तर उंट. वजीर व्हावयाचे तर मधल्याच घरांत पोचावयास हवे. त्यामुळे कुठले प्यादे पुढे काढावयाचे, याचा विचार पहिल्यापासून करावा लागे. सगळे सैन्य मारले जाऊन एकटा राजा उरला, तर ती 'बुर्जी'; जिंकणाऱ्याला तिचे कौतुक नसे. आणि प्याद्याने मात दिली तर तिचा मान सर्वांत मोठा. गुरवाने एकदा आजोबांवर अशी प्यादेमात केली, तेव्हा आजोबांनी घरी येऊन आजीला सांगितले, 'आज गुरवाच्या घरी नारळ पाठव.' हरल्याबद्दल नारळ पाठवणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

या खेळाची एक मोठी अडचण होती. नियम गावागणिक बदलत. काही ठिकाणी आरंभी चार-चार चाली एकदम खेळून सैन्याची मांडणी करून घेत. काही ठिकाणी नाही. बहुतेक ठिकाणी दोन्ही राजे समोरासमोर न ठेवता राजासमोर वजीर येईल असे मांडत. दोन गावची माणसे एकत्र बसली की पहिला अर्धा तास नियमांच्या तहातच जाई. पंचक्रोशीबाहेर स्पर्धा होणे कठीण, आणि स्पर्धा नाही तर मंडळही नाही. युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर आणि उंट यांना लांब पल्ल्याच्या चाली मिळून खेळ वेगवान झाला होता आणि पुढे त्याचे नियम हळूहळू सर्वत्र एक झाले. आपल्याकडे मात्र 'आमच्याकडे असेच खेळतात' हा शेवटचा शब्द राहिला.

या दोन पद्धतींची गाठ पहिल्यांदा पुस्तकात पडली ती आपल्या मुंबईत. दक्षिणेतील एक विद्वान आणि निष्णात खेळाडू तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी 'विलासमणिमंजरी' हा संस्कृत ग्रंथ रचला होता. त्यातील डावांच्या अवघड स्थिती युरोपीय नियमांना जुळवून घेऊन त्यांनी १८१४ साली मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. शनिवारवाड्यावर पेशव्यांचे निशाण अजून फडकत होते, तेव्हाची ही गोष्ट. एका शास्त्रीबोवांनी आपल्या विद्येचे तोंड जगाकडे वळविले होते.

*

पटावरची खरी गाठ पडली कलकत्त्यात. जॉन कॉक्रेन हा स्कॉटलंडचा बॅरिस्टर तेथे वकिली करी आणि तो त्या काळच्या नाणावलेल्या बुद्धिबळपटूंपैकी एक होता. १८४८ च्या सुमारास त्याच्या कानावर आले, की खेड्यात एक ब्राह्मण आहे आणि तो आजवर कुणाकडून हरलेला नाही. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. त्याला कलकत्त्यास आणण्यात आले. युरोपीय नियम त्याला नवे होते. प्रारंभी तो हरत गेला आणि एकंदरीत बहुतेक डाव कॉक्रेननेच जिंकले. पण कॉक्रेनने त्याची योग्यता ओळखली. १८५० साली कलकत्त्यात चेस क्लब स्थापन झाला, आणि महेशचंद्राला तेथे पगारावर नेमण्यात आले. पुढे दहा-बारा वर्षे या दोघांनी शेकडो डाव खेळले. क्लब असल्यामुळे ते लिहून ठेवले गेले, विलायतेच्या मासिकांत छापले गेले, आणि म्हणूनच आज आपल्याला महेशचंद्राचे नाव ठाऊक आहे. त्याच्याआधी असे किती महेशचंद्र आपापल्या गावच्या पारावर अजिंक्य राहून नि:शब्द निघून गेले असतील!

या डावांत एक गंमत आहे. महेशचंद्र नियम नवे शिकला, पण त्याचा हात जुनाच राहिला. प्यादे एक घर सरकवावे, उंट कोपऱ्याच्या तिरक्या रेषेवर दबा धरून बसवावा, समोरच्याला मध्यभाग बळकावू द्यावा आणि मग बाजूने त्याला सुरुंग लावावा, ही पारावरच्या देशी डावाची सवय त्याने सोडली नाही. त्या काळच्या युरोपीय खेळाडूंना ती मागासलेली वाटली. परंतु १८५५ साली तो कॉक्रेनविरुद्ध जो बचाव खेळला, तोच १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डने पुन्हा शोधून काढला आणि आज तो त्याच्या नावाने जगभर चालतो. त्या जातीच्या दुसऱ्या बचावांना तर 'इंडियन डिफेन्स' असेच म्हणतात. त्या नावाचे मूळ महेशचंद्राच्या डावांत सांगितले जाते. देशी नियम गेले, तरी देशी चालीची लकब जगाच्या पुस्तकांत जाऊन बसली.

*

क्लबाचे महत्त्व ध्यानात यावयाचे असेल तर ज्याला स्वतःचा क्लबच नव्हता, अशा एका माणसाची कहाणी पाहावी.

मीर सुलतान खान हा पंजाबातील, आज पाकिस्तानात असलेल्या मिठा टिवाणा गावचा. वडिलांनी त्याला लहानपणी देशी डाव शिकविला. सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या नजरेस तो पडला. त्यांनी त्याला आपल्या पदरी ठेवले, युरोपीय नियम शिकविले आणि १९२९ मध्ये आपल्याबरोबर लंडनला नेले. त्याच वर्षी त्याने ब्रिटनचे अजिंक्यपद मिळविले! पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. १९३१ मध्ये टार्टाकोवरला सामन्यात हरविले. तीन ऑलिंपियाडांत इंग्लंडच्या संघात तो पहिल्या पटावर बसला. पुस्तकांतून डावांचे आरंभ पाठ करण्याची सोय त्याला मिळालीच नाही. विलायतेची थंडी त्याला सोसत नसे. गळ्याभोवती कापड गुंडाळून तो खेळावयास बसे.

त्याच सरदाराच्या परिवारात फातिमा नावाची एक तरुणी होती. तिने १९३३ साली ब्रिटनचे महिलांचे अजिंक्यपद दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल तीन गुण अधिक मिळवून जिंकले. एकाच घरातील दोन माणसे, एकाच वर्षी, राज्यकर्त्यांच्या देशातील दोन्ही अजिंक्यपदे घेऊन बसली!

आणि मग १९३३ च्या अखेरीस उमर हयात खान हिंदुस्थानात परतले. त्यांच्याबरोबर ही दोघेही परतली, आणि तेथे सारे संपले. १९३५ साली सुलतान खान एक सामना खेळला. प्रतिस्पर्ध्याचे नाव मराठी वाचकाला आपलेसे वाटावे असे आहे : व्ही. के. खाडिलकर. दहा डावांत खाडिलकरांना एकाच डावात बरोबरी साधता आली. त्यानंतर सुलतान खान मोठ्या स्पर्धांत दिसला नाही. आपल्या गावी शेती सांभाळत तो १९६६ मध्ये वारला. त्याला 'नोकर' म्हणणे त्याच्या वंशजांना मान्य नाही, आणि त्यांचा आक्षेप आपण ऐकला पाहिजे. पण ज्या गाडीने तो गेला आणि आला, ती दुसऱ्याची होती, हे तर नाकारता येत नाही. आश्रयदात्याला विलायतेत राहावयाचे होते तोवर जगातील एक थोर खेळाडू खेळत होता. त्याला परतावेसे वाटले, खेळ थांबला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने सुलतान खानाला सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

राजाश्रयाची हीच खोट असते. मर्जी आहे तोवर मोहरा पटावर. मर्जी फिरली की डब्यात.

*

मर्जी कुणाचीच नाही, वर्गणी मात्र सर्वांची, अशी संस्था म्हणजे मंडळ. १९४१ मध्ये सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. नाटकवेड्या आणि हळदीच्या पेठेने गजबजलेल्या त्या गावी त्यांनी स्वतःचे सारे आयुष्य या एका कामाला दिले. स्पर्धा भरवाव्या, मुलांना जमवावे, शिकवावे, पुन्हा स्पर्धा भरवाव्या. सांगलीच्या या स्पर्धांना देशभरातून खेळाडू येऊ लागले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५१ साली, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ साली आंध्रमधील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांनी वाटून घेतले. मद्रासचे मॅन्युएल एरन १९६१ साली देशाचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले, आणि त्यांनी पुढे मद्रासला सोव्हिएट सांस्कृतिक केंद्रात जो ताल चेस क्लब चालविला, त्यातच विश्वनाथन आनंद नावाचा मुलगा खेळावयास येऊ लागला. १९८८ साली तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. आपल्या रत्नागिरीत जन्मलेले प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये तिसरे.

या सर्व मंडळांनी आंतरराष्ट्रीय नियम पत्करले. त्याशिवाय इलाज नव्हता. सांगलीचा मुलगा मद्रासच्या मुलाशी आणि मद्रासचा मॉस्कोच्या मुलाशी खेळावयाचा, तर प्यादे सगळीकडे सारखेच चालले पाहिजे. परंतु या देवाणघेवाणीत पारावरची माणसे मागे राहिली. आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर मंडळ सुरू झाले तेव्हा एक-दोन म्हाताऱ्यांना आग्रहाने बोलावून आणले होते, असे जुने सभासद सांगतात. तरुणाने प्यादे दोन घरे पुढे टाकताच एक आजोबा म्हणाले, 'एवढी घाई कसली? लग्नाला जायचंय का?' सगळे हसले. आजोबा पुन्हा आले नाहीत. त्या हसण्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण एक विद्या त्या दिवशी जिना उतरून गेली, ती गेलीच.

तरीही त्या माडीवर जे उभे राहिले, त्याचे मोल मला मोठे वाटते. आठ पट, दोन चावीची घड्याळे, भिंतीवर नियमांचा कागद : 'हात लावलेला मोहरा हलवावाच लागेल. खेळणाऱ्यास चाल सुचवू नये.' पहिला नियम माणसाला बोलण्याआधी विचार करावयास शिकवितो आणि दुसरा गप्प बसावयास. आपल्या समाजात दोहोंचीही टंचाईच. तेथे डॉक्टरसाहेब आणि त्यांचाच कंपाउंडर समोरासमोर बसतात. दवाखान्यात कंपाउंडर त्यांच्यापुढे खुर्चीवर टेकत नाही. माडीवर तो नम्रपणे म्हणतो, 'साहेब, वजीर गेला,' आणि साहेबांना तो मुकाट्याने द्यावा लागतो. शिंपीदादा, पोस्टमास्तर, निवृत्त तलाठी, कॉलेजचा विद्यार्थी यांची तेथे एकच प्रतवारी असते : कोण कुणाला हरवतो. हरलेला डाव लिहिलेला असतो. म्हणून 'मी जिंकतच होतो' ही थाप तेथे चालत नाही. कागद काढावयाचा आणि दाखवावयाचे, 'येथे चुकलात.' चूक कुठे झाली हे हरलेल्याला आणि जिंकलेल्याला एकत्र बसून पाहता यावे, याहून मोठे शिक्षण मी शाळेतही देऊ शकत नाही.

*

पण या समतेच्या माडीवर एक जागा बराच काळ रिकामी होती. ती बायकांची. मंदोदरीच्या नावाने खेळाची कथा सांगावयाची आणि घरातील मुलीला म्हणावयाचे, 'जा, चहा टाक,' असा आपला व्यवहार.

ही जागा मराठी मुलींनीच मिळविली. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंती खाडिलकर हिने जिंकली. पुढच्या वर्षी तिची बहीण जयश्री जिंकली, आणि १९७६ साली धाकटी रोहिणी; तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन लेकींनी पहिली दहा वर्षे हे विजेतेपद घराबाहेर जाऊ दिले नाही. परंतु खरी लढाई पटाबाहेर झाली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी अखेर निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीमुळे साऱ्या जगातील मुलींसाठी एक दार उघडले. रोहिणी १९८१ साली आशियाची अजिंक्य झाली.

खाडिलकर भगिनींनंतरचे नाव सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या तालमीत तयार झालेली भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या आणि १९९१ साली आशियाच्या अजिंक्य झाल्या. १९४१ मध्ये गावात एक मंडळ निघाले, म्हणून पन्नास वर्षांनी हे घडू शकले. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने दोन्ही सुवर्णपदके जिंकली, त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता आणि नागपूरची दिव्या देशमुख होती. दिव्याने २०२५ च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली.

आमच्या माडीवरही आता शनिवारी संध्याकाळी एक आई आपल्या मुलीला घेऊन येते. आई कोपऱ्यात बसून भाजी निवडते. मुलगी नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिने निवृत्त तलाठ्यांना मात दिली. तलाठी बराच वेळ पटाकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, 'बाळ, पुन्हा मांड.' त्यांनी तिला 'वा, शाबास' म्हटले असते, तर ते मोठ्या माणसाचे कौतुक झाले असते. 'पुन्हा मांड' हे एका खेळाडूने दुसऱ्याला म्हणावयाचे शब्द आहेत.

*

आज बुद्धिबळ खेळावयास जोडीदार लागत नाही. खिशातला मोबाइल कुठल्याही वेळी, कुठल्याही देशातला प्रतिस्पर्धी समोर उभा करतो. माझ्या वर्गातली मुले अशीच शिकतात आणि चांगली शिकतात. त्यांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण त्या प्रतिस्पर्ध्याचा चेहरा दिसत नाही, चहा दोघांत वाटून घेता येत नाही, आणि हरल्यावर 'येथे चुकलात' म्हणून तो आपल्यापाशी थांबत नाही. म्हणून मंडळे राहिली पाहिजेत. गावात नसेल तर काढावे. दोन पट आणि रात्री नऊपर्यंत दिवा लावू देणारा एक ग्रंथपाल, एवढे भांडवल पुरते.

आणि दुसरी विनंती, ती यंदाच्या दिवाळीपुरती. तुमच्या घरात किंवा भावकीत ऐंशीच्या घरातले कुणी असेल, ज्यांनी जुन्या पद्धतीचा डाव खेळला असेल, तर भाऊबीजेच्या दुपारी त्यांच्यासमोर पट मांडा. त्यांच्या नियमांनी एक डाव खेळा. राजा घोड्याची उडी कधी मारतो, प्यादे कुठल्या घरात काय होते, बुर्जीला तुमच्या गावी काय म्हणत, सारे विचारा आणि वहीत लिहून ठेवा; गावाचे नाव आणि तारीख घालून. महेशचंद्राचे डाव कुणीतरी लिहिले म्हणून उरले. आमच्या आजोबांचे नियम मला आठवतात तेवढे वर दिले आहेत. गुरवाच्या प्यादेमातीचा डाव मात्र कुणी लिहिला नाही. तुमच्या घरचा तरी लिहिला जावा. घाई मात्र करू नका. प्यादे एकेक घरच सरकू द्या.